बालसंग्रहालयात वेगळं पर्यावरण दालन करू नका: सांगलीतल्या एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर

ताई, तुमच्या पत्रातला मुद्दा थोडक्यात असा. सांगलीच्या गावभागात संस्थेची जुनी दुमजली इमारत आहे. खाली चार खोल्या, वर तीन, मागे अंगण आणि एक विहीर. २०१९च्या पुरात तळमजल्यात पाणी शिरलं होतं. तिथं पाच ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी संग्रहालय करायचंय. त्यात एक पर्यावरण दालन असावं, असं विश्वस्तांचं म्हणणं आहे. इमारतही पर्यावरणपूरक हवी आणि पैसे मात्र बेताचे. सुरुवात सौर पॅनेलपासून करावी का, असं तुम्ही विचारलंय.

सौर पॅनेल जरूर बसवा, पण सुरुवात तिथून नको. आणि पर्यावरण दालन तर करूच नका.

मुलांची केंद्रं मांडण्यात माझी बरीच वर्षं गेली. दालन म्हटलं की काय होतं ते सांगतो. एक खोली काळी रंगवतात, आत एसी लावतात, भिंतीवर वितळता हिमनग दाखवतात आणि बाहेर पडताना मुलांकडून शपथ म्हणून घेतात. बाहेर अंगणात नळ ठिबकत असतो आणि कोपऱ्यात पालापाचोळा जळत असतो. मुलांच्या नजरेतून यातलं काही सुटत नाही. त्यापेक्षा संस्थेचं वीजबिल, पाण्याची टाकी, कचऱ्याची बादली आणि सुताराचं टेबल हेच मुलांसमोर मांडा. घर कसं चालतं ते दाखवणारं घर, एवढं सूत्र धरलं तरी तुमची निम्मी मांडणी आपोआप ठरेल.

तुमच्याकडे पहिला विचार पुराचा करायला हवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. म्हणजे तळमजल्यात जे बसवाल ते कधी ना कधी भिजणार, हे धरूनच चालायचं. इथं एक गोष्ट तुमच्या पथ्यावर पडते. पुरात टिकणाऱ्या वस्तू आणि पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या वस्तू बहुतेक वेळा एकच असतात. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं, कपाट एकदा भिजलं की फुगतं आणि मग ते कशाच्याच कामाचं राहत नाही, धड जाळतासुद्धा येत नाही. लॅमिनेटचीही तीच गत. याउलट जुन्या सागवानी चौकटी, लोखंडी अँगल, शहाबादी फरशी, दगड आणि पितळ धुऊन पुसून पुन्हा उभं करता येतं. जुन्या वाड्यांच्या दारं-खिडक्यांचं लाकूड बाजारात मिळतं. घासाघीस करून घ्या, नव्या प्लायपेक्षा ते कितीतरी वर्षं जास्त पुरेल.

मांडणी सगळी नट-बोल्टवर करा. फेव्हिकॉल आणि खिळे जितके कमी तितकं बरं. प्रत्येक टेबल दोन माणसांना उचलून जिन्यानं वर नेता आलं पाहिजे, म्हणजे जिन्याच्या वळणाचं माप आधी घ्या आणि मग टेबलाचं ठरवा. तळमजल्यावरचे विजेचे बोर्ड २०१९च्या खुणेच्या वर घ्या आणि तारा खालून न आणता वरून आणा. भिंती जुन्या दगड-मातीच्या असतील तर त्यांना सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते आणि पुढं पोपडे निघत राहतात. चुन्याचा गिलावा श्वास घेतो आणि पुरानंतर लवकर वाळतो. कंत्राटदार 'आता चुना कोण करतं' म्हणेल. करणारे आहेत, जरा शोधावे लागतात.

रंगाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण हे फारसं कुणी सांगत नाही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) असावी, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे. तेव्हा डब्यावर तसा उल्लेख बघून घ्या. यंत्रांना लावायचा औद्योगिक रंग या नियमात येत नाही आणि वेल्डरकडे नेमका तोच पडलेला असतो. झोपाळ्याला, रेलिंगला, खेळण्याला तो लावू देऊ नका. दुसरं असं की तुमच्या इमारतीच्या दारा-खिडक्यांवर जुन्या ऑइलपेंटचे थर असणार, आणि त्यात शिसं असण्याची शक्यता धरायलाच हवी. ते कोरडे खरवडू नका, ओले करून काढा. काम चालू असताना मुलांना आत येऊ देऊ नका आणि निघालेली पूड अंगणात झाडू नका. पाच वर्षांचं मूल बोटं तोंडात घालतंच.

फलकांसाठी फ्लेक्स नको. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे, हे छापणाऱ्याला माहीत असतं आणि तरीही तो विचारत नाही. जाड फ्लेक्स कायद्यात बसतो, पण शेवटी तो कुणाच्या तरी गोठ्यावर जाऊन फाटतो. इथं विटा आणि इचलकरंजी ही मागांची गावं जवळ आहेत. मागावरचं कोरं कापड घ्या, चौकटीवर ताणा आणि पेंटरकडून अक्षरं काढून घ्या. दुकानांच्या पाट्या रंगवणारी मंडळी आता कामाच्या शोधातच आहेत. मजकूर बदलायचा झाला की तेच कापड धुऊन उलट्या बाजूनं वापरता येतं. देणगीदारांना नाव हवं असतं, ते पितळी पट्टीवर कोरून द्या. पट्टी पुरातही राहते, त्यामुळं तेही खूश.

आता वीज. संस्थेत समजा जुने पंखे बारा आहेत. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा २८ ते ३५. बारा पंखे आठ तास चालले तर जुन्यांना रोज ७.२ युनिट लागतात आणि २८ वॉटच्या नव्यांना २.७. रोजची साडेचार युनिटं वाचली. एक किलोवॉटचं सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं आणि गच्चीवरची दहाएक चौरस मीटर जागा घेतं. म्हणजे नुसते पंखे बदलल्यानं एका किलोवॉटपेक्षा जास्त काम झालं, आणि तेही पॅनेलच्या निम्म्या-पाऊण पैशांत. त्यानंतर गच्चीला पांढरा चुना, पश्चिमेच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे आणि ट्यूबच्या जागी एलईडी. एवढं झाल्यावर जो भार उरेल त्याच्यापुरतंच सौर बसवा आणि महावितरणकडून नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं) घ्या. पंतप्रधान सूर्यघर योजनेची सबसिडी घरांसाठी आहे, संस्थेला ती मिळत नाही. एखादा विक्रेता मिळवून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

हे झालं तुमचं काम. मुलांसाठी यातली मजा मीटरमध्ये आहे. विजेच्या मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो, तो तुम्ही पाहिला असेल. बहुतेक घरगुती मीटरवर ३२०० असा आकडा छापलेला असतो, काहींवर १६००. म्हणजे तो ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट जळलं. एक वेगळं मीटर घ्या, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला लावा आणि त्याच्यापुढं पाच बटणं द्या. जुना पंखा, नवा पंखा, जुना ६० वॉटचा बल्ब, ९ वॉटचा एलईडी आणि इस्त्री. मुलानं एका वेळी एकच बटण दाबायचं, शेजारच्यानं घड्याळ धरायचं आणि तिसऱ्यानं लुकलुक मोजायची. जुना पंखा मिनिटाला चार, नवा चाळीस सेकंदांनी एक, बल्ब तीन, इस्त्री पन्नासच्या वर. एलईडी लावला की मुलं वाट बघत बसतात, कारण ठिपका दोन मिनिटांनी एकदा येतो. कुणीतरी म्हणतंच, 'बंद पडलं वाटतं.' नेमकं तिथं मुलांसोबतच्या तुमच्या मार्गदर्शक ताईनं गप्प बसायचं.

नंतर घरातल्या एसीचा हिशोब मुलं आपणहून विचारतात. दीड किलोवॉटचा धरला तर मिनिटाला ऐंशी. 'दिवा बंद करा' असं स्टिकर मी आजवर कुठल्याही केंद्रात लावलेलं नाही. ही इस्त्री आणि बाकीची जोडणी अर्थातच बंद पेटीत, इलेक्ट्रिशियनकडून आणि गळती झाल्यावर वीज तोडणारा ब्रेकर लावूनच करा. इस्त्रीच्या जागी पेटीतला हीटर ठेवलात तर जास्त बरं.

टचस्क्रीनचा मोह टाळा. पालकांना ती आवडते, देणगीदारांना तर फारच. पण दोन-चार वर्षांत बंद पडते, सुटा भाग मिळत नाही आणि मग काळी काच भिंतीवर तशीच लोंबत राहते.

पाण्याबद्दल बोलायचं तर सांगली-मिरजेला वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर पाऊस धरा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर पाणी. तुमची गच्ची दोनशे चौरस मीटरची असेल तर वर्षाला १ लाख १० हजार लिटर, गळती-बाष्प वजा करून ८८ हजार. एवढं साठवणारी टाकी बांधू नका, परवडणार नाही. पाच हजार लिटरची एक टाकी पुरे. ती पावसाळ्यात अनेकदा भरेल आणि रिकामी होईल, आणि वरचं पाणी गाळून विहिरीत सोडा. पहिल्या पावसातलं धुळीचं पाणी बाजूला काढायला दोनशे लिटरचे दोन पिंप लावा. दोन मिलिमीटरचा पहिला धुवा त्यात बरोबर मावतो. पाईप गच्चीपासून टाकीपर्यंत उघड्यावर ठेवा आणि मध्ये एक पारदर्शक तुकडा बसवा. पाऊस पडत असताना मुलं त्या तुकड्यासमोरून हलत नाहीत.

विहिरीवर मजबूत जाळी बसवा आणि तिच्यावर मुलांना काही करू देऊ नका. त्याऐवजी अंगणात दोन टाक्या ठेवा, एक जमिनीवर आणि एक तीन मीटरवर. मधे रहाट आणि दहा लिटरची बादली. दोघांनी मिळून बादली ओढायची आणि वर रिकामी करायची. वरचं पाणी खाली येताना एक छोटं चक्र फिरवतं आणि त्यावर एक वॉटचा दिवा अर्धं मिनिट लागतो. आता हिशोब बघा. दहा लिटर पाणी तीन मीटर चढवायला सुमारे ३०० जूल लागतात, आणि एका युनिटात ३६ लाख जूल असतात. म्हणजे एक युनिट वीज म्हणजे त्या बादलीच्या सुमारे बारा हजार खेपा. घाम पुसत असलेल्या पोराला हा आकडा सांगून बघा. जी वीज आपण दहा-बारा रुपयांना घेतो, तिच्याकडे तो जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागतो.

हाच धागा पुढं न्यायचा असेल तर जत आणि आटपाडी हे दुष्काळी तालुके आहेतच. म्हैसाळ आणि टेंभू योजनांचं पाणी कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवतात. एका युनिटात एक हजार लिटर पाणी तत्त्वतः ३६७ मीटर चढतं, पंपात वाया जाणारी वीज धरली की बरंच कमी. दुष्काळी भागात पाणी म्हणजे शेवटी वीजच, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला रहाटावर कळतं. मग त्याला विचारा, एवढं चढवलेलं पाणी उसाला द्यायचं की डाळिंबाला? उत्तर देऊ नका. घरी ऊस असलेली मुलं आणि नसलेली मुलं समोरासमोर बसतात तेव्हा जो वाद होतो, तो ऐकण्यासारखा असतो. आणि घरी ऊस असणाऱ्याला खलनायक करायचं नाही, हे आपल्या माणसांना आधीच बजावून ठेवा.

तुमच्या संग्रहालयाचा मुख्य नमुना मात्र कृष्णा नदीचाच असला पाहिजे. जवळच्या फॅब्रिकेटरकडून बारा-पंधरा फूट लांबीचा उतरता पत्र्याचा हौद करून घ्या. वरच्या टोकाला महाबळेश्वर. बाजूनं कोयना येऊन कऱ्हाडला मिळते, मग सांगली, थोडं खाली हरिपूरला वारणा, आणि शेवटी नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. तळाला बारीक खडी आणि क्रश सँड टाका. नदीचा नमुना करायला नदीतली वाळू मागवू नका, एवढं तारतम्य असू द्या. सांगलीपाशी एक तरंगता डबा ठेवा, त्याला दोरी आणि काटा, काट्यामागं फुटांची पट्टी, ४०ला पिवळी खूण आणि ४५ला लाल.

आता मुलांना झारी द्या आणि पाऊस फक्त वर घाटातल्या कोयनानगर-नवजाकडे पाडायला सांगा. सांगलीवर थेंबही नाही. पहिलं मिनिट काहीच घडत नाही. मग काटा हलायला लागतो. इथल्या प्रत्येक मुलानं घरी 'आयर्विनला पाणी किती?' हे ऐकलेलं असतं, पण ऊन पडलेलं असताना पाणी का चढतं याचं उत्तर त्याला कुणी दिलेलं नसतं. दुसऱ्या खेपेला वरच्या उतारावर ओलं शेवाळ आणि गोणपाट अंथरा आणि तेवढंच पाणी ओता. काटा उशिरा आणि कमी चढतो. तिसऱ्या खेपेला नदीपात्रात लाकडी ठोकळ्यांची घरं मांडू द्या. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा हौदाच्या काठांवर रंगवून घ्या. ठोकळे कुठं ठेवायचे ते मुलांनी ठरवायचं. पहिल्या फेरीत बहुतेक जण नदीकाठालाच घर बांधतात, कारण तिथून नदी दिसते. मोठी माणसंही त्याच कारणानं बांधतात.

कोयनेच्या जागी एक दार असलेला डबा ठेवला की धरणाचा खेळ सुरू होतो. खऱ्या कोयनेची क्षमता १०५ टीएमसीच्या घरात आहे, आणि एक टीएमसी म्हणजे दोन हजार आठशे कोटी लिटर. दार कधी उघडायचं? लवकर उघडलं आणि पुढं पाऊसच आला नाही तर उन्हाळ्यात काय करायचं? हा निर्णय एका मुलाच्या हातात द्या आणि बाकीच्यांना खाली 'सांगलीकर' करा. आरडाओरडा होईल, होऊ द्या. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं सांगलीत पाणी तुंबतं का, हा विषय कुणी तरी काढणारच. तिथं हौदाचं खालचं टोक फळीनं अडवून बघू द्या, जे दिसेल त्यावर मुलं बोलतील. आपण मोठ्यांनी मत द्यायची घाई करू नये. हा वाद तज्ज्ञांतही मिटलेला नाही.

एक सावधगिरी. तुमच्या परिसरातल्या कित्येक मुलांनी पूर अंगावर घेतलाय. पुराचे कर्कश आवाज, अंधार, बुडत्या घरांचे मोठे फोटो यातलं काहीही लावू नका. भिंतीवर २००५ आणि २०१९च्या पाण्याच्या दोन रेघा असल्या तरी पुरे. मुलं स्वतःहून आपल्या गोष्टी सांगतात, त्या लिहून घ्यायला एक वही ठेवा. हौदातलं पाणी रोज संध्याकाळी बागेला सोडा, नाहीतर डासांची पैदास तुमच्याच संग्रहालयात. आणि प्रत्यक्ष नदीवर नेताना घाटाच्या पायऱ्यांपुढं जाऊ देऊ नका. कृष्णेत मगरी आहेत, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

सांगलीत बसून हळद वापरली नाही तर काय उपयोग? हात धुण्याचं पाणी तुम्ही बागेला सोडणार असाल तर ते आम्लारीधर्मी (अल्कलाइन) आहे का ते मुलांनाच तपासू द्या. हळदीची पूड स्पिरिटमध्ये कालवायची, त्यात टिपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवायच्या. कपड्याच्या साबणाच्या पाण्यात पट्टी घातली की पिवळ्याची तांबूस-लाल होते. आपल्या आज्या हळदीत चुना घालून कुंकू करायच्या, ती हीच किमया. काही हँडवॉशना पट्टी बदलत नाही, रिठ्याच्या पाण्यालाही नाही. मग कोणत्या पाण्यावर अळू लावायचं आणि कोणतं थेट गटारात जाऊ द्यायचं हे मुलं ठरवतात. फरशी पुसायला तुम्ही स्वतः रिठा वापरायला लागलात तर तुमच्या सफाईच्या मावशींच्या हातांनाही बरं. हरिपूर दोन पावलांवर आहे. तिथल्या हळदीच्या पेवांचा (जमिनीखालच्या कोठारांचा) उभा छेद एका भिंतीवर मातीत करून दाखवा. जमिनीखाली हवा कोंडून ठेवली की कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. ना वीज, ना औषध. २००५च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली, हेही लपवू नका.

'टाकाऊतून टिकाऊ' या नावाखाली जे चालतं त्याच्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. नवी थर्माकोलची प्लेट आणायची, तिला चमकी, ग्लू गन, प्लॅस्टिकचे डोळे चिकटवायचे आणि चार दिवसांनी सगळं मिळून कचऱ्यात. आधी निदान वेगळं करता आलं असतं, आता तेही नाही. माझी कसोटी सोपी आहे. केलेली वस्तू पुन्हा सुटी होते का? खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबची खेळणी म्हणूनच थोर आहेत. त्रिकोण, चौकोन, घनाकृती करा, मोडा आणि पुन्हा करा, कचरा होतच नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी असल्या खेळण्यांचं कितीतरी काम केलं. तुमच्या शिक्षकांना ते आधी दाखवा.

कच्च्या मालासाठी कुपवाड-मिरज एमआयडीसीकडे बघा. अमेरिकेत बॉस्टनचं बालसंग्रहालय १९१३चं. बॉस्टनवाल्यांनी पुढं कारखान्यांतले उरलेले तुकडे शिक्षकांना आणि मुलांना वजनावर, मापावर विकायचं दुकानच चालवलं. आपल्याकडे ते सहज जमेल. कापडाच्या चिंध्या, पुठ्ठ्याच्या नळ्या, लाकडाचे ठोकळे, रबराच्या चकत्या घ्या. लेथची चुरी आणि तेलकट धातू मात्र नको, बोटं कापतात. माल आल्यावर वर्गवारी मुलांनीच करायची.

आणि दुरुस्तीचं टेबल. माझ्या मते कुठल्याही बालसंग्रहालयातली ही सगळ्यात महत्त्वाची जागा, आणि नकाशात ती नेहमी शेवटी, जिन्याखाली टाकतात. ती दारात आणा. मोडलेलं खेळणं मागच्या खोलीत नेऊन दुरुस्त करू नका, मुलांसमोर उघडा. महिन्यातून एकदा सायकलवाले, शिलाई मशीनवाले, मिरजेतले तंतुवाद्यांचे कारागीर यांना बसवा. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे खरंच वेलीवरचा वाळवलेला भोपळा, आणि तडा गेला तरी तो टाकून न देता सांधतात, हे पाहून मुलं चाट पडतात. कारागिराला मानधन द्या. 'मुलांसाठी फुकट करा' म्हणू नका.

वयाचं भान फार लागतं. सात वर्षांखालच्यांना कार्बन, ओझोन, प्रजाती नष्ट होणं यातलं काही सांगू नका. त्यांना माती, पाणी, गोगलगाय, बिया आणि एक चढता येईल असं झाड द्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१९ला मुलांचं संग्रहालय उघडलं, तिथं जुनं गोरखचिंचेचं झाड मध्ये ठेवून भोवती बसायची जागा केली. तुमच्या अंगणात जे झाड असेल ते ठेवा, फरशी घालण्यासाठी त्याची मुळं तोडू नका. आठ ते अकरा हे मोजण्याचं वय, वर सांगितलेलं मीटर, झारी आणि पट्ट्या त्यांच्या. बारानंतर वाद घालू द्या, आणि खरा अधिकार द्या. दहा-बारा मुलांची समिती आणि वर्षाला चार-पाच हजार रुपये, विजेतून आणि पाण्यातून वाचलेल्या पैशांतलेच. ते कशावर खर्च करायचे हे तीच ठरवणार. विश्वस्तांनी तोंड उघडायचं नाही, हे मात्र ठरावात लिहून घ्या.

खाण्याचं पटकन सांगतो. तुमच्या आवारात पाकिटबंद काही विकू नका. फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू आणि हंगामात तासगावची द्राक्षं, सगळं वाटीत. पाण्याला माठ. उष्टं-खरकटं आणि पाला खत करायच्या नाडेप टाक्यात, लहान आकाराचं विटांचं टाकं अंगणाच्या कोपऱ्यात बसेल. वाढदिवस ही बालसंग्रहालयांची चांगली कमाई असते, ती सोडू नका. फक्त फुगे आणि थर्माकोल आणायला बंदी ठेवा आणि पन्नास स्टीलची ताटं, कापडी तोरणं, खेळ असा संच भाड्यात द्या. पालक पहिल्यांदा कुरकुरतात, मग सफाई करावी लागत नाही हे लक्षात आल्यावर तेच दुसऱ्यांना सांगतात.

कुणी विचारात घेत नाही असा खर्च म्हणजे मुलांचा प्रवास. एक लिटर डिझेल जळलं की पावणेतीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. ग्रिडच्या एका युनिटमागं साधारण पाऊण किलो. जतहून एक बस येऊन गेली की तुमच्या पंख्यांची कित्येक दिवसांची बचत त्यात गेली. म्हणून लांबच्या शाळांना बोलावण्याआधी पेटी पाठवा. पत्र्याची ट्रंक, तिच्यात मीटर, हळदीच्या पट्ट्या, काड्यांचे संच, गुंडाळता येणारा कृष्णेचा कापडी नकाशा. एसटीनं जाईल, एका शाळेत पंधरा दिवस राहील आणि पुढच्या शाळेत जाईल. जवळच्या शाळांना चालत किंवा सायकलवर यायला सांगा आणि दारात सायकलींसाठी सावलीची जागा करा, मोटारींसाठी नाही.

माणसांमध्ये एक चांगला फिटर आधी नेमा, निवेदक नंतर. मुलांशी बोलायला शिकवता येतं, हाताला कसब असलेला माणूस मिळणं अवघड. आणि सफाईच्या मावशींना पहिल्या बैठकीपासून बसवा. कचरा कुठं साचतो, कोणता नळ गळतो, मुलं काय फेकतात हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

पुढच्या खेपेला तीन गोष्टी पाठवा: गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं, तळमजल्याचा हातानं काढलेला नकाशा आणि २०१९ला पाणी किती उंचीवर आलं होतं त्या खुणेचं जमिनीपासूनचं माप. गच्चीचा उतार कुठल्या बाजूला आहे तेही कळवा. टाकी कुठं बसेल आणि हौद तळमजल्यावर ठेवायचा की वर, हे त्यावरून सांगता येईल. गिलाव्याचं काम मात्र पावसाळा संपेपर्यंत काढू नका.